बॅले म्हणजे फक्त टाचा उचलणं नव्हे

कुणीतरी लिहिलंय की बॅले हा युरोपचा प्रकार, आपल्याकडे त्या नावाखाली जे चालतं ती नुसती नृत्यनाटिका. थोडं थांबा. १९५२ साली मुंबईत नृत्यदिग्दर्शक शांती बर्धन यांनी ‘लिटल बॅले ट्रूप’ हा नृत्यसंच काढला, तो आठवा. नावातच ‘बॅले’! नर्तक उदय शंकरांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रात आणि नंतर इप्टा या नाट्यसंघटनेत काम केलेला हा माणूस, मूळचा मणिपुरी शैलीतला. पण ट्रूपसाठी त्यांनी एकच शैली धरून ठेवली नाही.

त्यांचं ‘रामायण’ घ्या. त्यात नर्तक कठपुतळ्या होतात. चेहऱ्यावर मुखवटा, म्हणजे डोळ्यांचा अभिनय बादच. हात कोपरातून झटक्यात उचलायचा, मान गर्रकन वळवून तिथेच थिजवायची, जणू वरून कुणी दोरी ओढतंय. करून बघा घरी आरशासमोर. दोन मिनिटांत खांदे भरून येतात. ‘पंचतंत्रा’त मात्र सगळी चाल प्राण्यांची, तिथे ही बाहुलीगिरी अजिबात चालत नाही.

१९५४ मध्ये बर्धन गेले. दुसरा एखादा ट्रूप तिथेच मोडला असता. त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि सहकारी प्रभात गांगुली यांनी तो चालवला, मुंबईहून ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला नेला. गुलताईंना २०१० साली पद्मश्री मिळाली. आपल्या मुंबईत सुरू झालेला हा ट्रूप, पण इथल्या गप्पांत त्याचं नाव क्वचितच निघतं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.