मदत हवी: पाकिटावरून कापलेल्या शिक्क्यात १२४ आहे, हे कुठलं पोस्ट?

निशिगंध: मामांच्या संग्रहात पाकिटांवरून कापलेले तुकडे मिळाले. एका शिक्क्यात नुसता १२४ आणि आजूबाजूला रेघा. गाव नाही, तारीख नाही. शनिवारी शाळेच्या प्रदर्शनात मांडायचंय, खाली नाव लिहायला हवं. प्लीज लवकर सांगा.

वाटसरू: रोहतक, हरियाणा. तिथले पिनकोड १२४ नेच सुरू होतात.

टपालकाका: पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांमुळे. हा शिक्का त्याआधीचा वाटतोय. निशिगंध, तिकीट कुठलं? चेहरा कोणाचा, किंमत किती? फोटो टाका.

निशिगंध: राणीचं, निळं. फोटो चढत नाहीये.

कोकणकडा: कोमट पाण्यात ठेवा, कागद आपोआप सुटतो. अल्बममध्ये सुटं तिकीट छान दिसतं. माझी सगळी तशीच काढलीत.

टपालकाका: पाण्यात अजिबात घालू नका! शिक्का अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर असतो. पाकीट कापलं तेव्हाच पत्ता आणि मागचा पोचल्याचा शिक्का गेला, उरलंय तेवढं तरी राहू द्या.

कोकणकडा: लोक तिकिटं जमवतात, कागद नाही. पावसाळ्यात आमच्याकडे त्या कागदालाच बुरशी येते.

टपालकाका: तुमच्या तिकिटांचं तुम्ही बघा, इथे प्रश्न शिक्क्याचा आहे. निशिगंध, रेघा आडव्या आणि एकूण आकार शंकरपाळ्यासारखा का? किंमत अर्धा आणा?

निशिगंध: हो, तसाच. हाफ ॲना, ईस्ट इंडिया पोस्टेज.

टपालकाका: मग एडन, आताच्या येमेनमधलं बंदर! १८३९ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं आणि कारभार मुंबईकडे दिला, म्हणून तिथे भारताचीच तिकिटं चालायची. एडनची स्वतःची १९३७ ला निघाली. १२४ चा शिक्का १८५८ मध्ये आला, पुढे तिथे 'बी-२२' असे शिक्के आले. मुंबई, बंगाल, मद्रास प्रत्येकाने आपापल्या पोस्टांना स्वतंत्र आकडे दिले होते, त्यामुळे तोच आकडा दुसरीकडेही असू शकतो, म्हणून आकार विचारत होतो. खाली 'एडन, १८५८ नंतर' असं लिहा.

वाटसरू: धीरूभाई अंबानी एडनलाच नोकरीला होते ना?

भुसावळकर: माझे वडील आर.एम.एस.मध्ये (रेल्वे मेल सर्व्हिस) होते, धावत्या गाडीत टपाल लावायचे. एल डिव्हिजन म्हणजे भुसावळ, बी पुणे, बीएम मिरज, एफ नागपूर. बाकी तुकड्यांवर अशी अक्षरं आहेत का?

निशिगंध: एडन लिहिते, खूप आभार काका. अक्षरं नाहीत. एका गोल शिक्क्यात 'एक्सपेरिमेंटल पी.ओ.' आणि आकडा आहे. हे कुठलं?

टपालकाका: नवं पोस्ट चालतंय का बघायला तात्पुरतं उघडायचे, त्याला गावाच्या नावाऐवजी आकड्याचा शिक्का मिळायचा. आकडा काय आहे? तारीख? तिकीट कुठलं?

निशिगंध: तिकीट निम्मंच उरलंय.

टपालकाका: रंग तरी सांगा. आणि आकड्याआधी अक्षर आहे का, ते भिंगाखाली बघा.