तालुक्याचं पोलीस ठाणं आतून कसं चालतं? (अनुभव धागा)

तालुक्याच्या ठाण्यात आपण क्वचित जातो, तेही घाबरत, आणि खाकीत जो दिसेल त्याला 'साहेब' म्हणून मोकळे होतो. कोणाच्या टेबलावर काय असतं आणि कागद नेमका कुठे अडतो, हे बाहेरच्याला कळत नाही. ठाण्यात नोकरी केलेल्यांनी आणि त्यांचे कागद रोज हाताळणाऱ्यांनी इथे लिहावं. दोन अटी आहेत. गावाचं किंवा माणसाचं नाव नको, आणि किस्से नकोत. किस्से पारावर ऐकू, इथे काम सांगा.

निवृत्त सहायक फौजदार, पश्चिम महाराष्ट्र

आधी खांदा वाचायला शिका. एक तारा आणि लाल-निळी फीत म्हणजे सहायक फौजदार. दोन तारे आणि तीच फीत म्हणजे फौजदार, म्हणजे पीएसआय. तीन तारे पण फीत नुसती लाल असेल तर सहायक निरीक्षक, आणि लाल-निळी असेल तर निरीक्षक. हवालदाराच्या खांद्यावर तारा नसतो, बाहीवर तीन फिती असतात. नाईक हे मधलं पद आता काढून टाकलंय. लहान ठाण्याचा प्रभारी बऱ्याचदा सहायक निरीक्षकच असतो, त्यामुळे 'पीआय साहेब कुठायत' असं विचारलं की आतली मंडळी एकमेकांकडे बघतात.

पण तुमचं काम प्रभारीकडे नसतं. ते असतं दारातल्या टेबलावर, ठाणे अंमलदाराकडे. त्याच्यासमोर स्टेशन डायरी चालू असते आणि ठाण्याचं सगळं त्या डायरीभोवती फिरतं. कोण कुठे किती वाजता रवाना झालं, कधी परत आलं, कोणाला अटक झाली, दवाखान्यातून कोणती खबर आली, हे सगळं नोंद क्रमांक आणि वेळेसह तिथे येतं. उद्या पंचनाम्यात 'सकाळी 11 वाजता घटनास्थळी' असं लिहिलं आणि डायरीत रवानगी 11.40 ची निघाली, तर वकील तिथूनच सुरुवात करतो.

तक्रार घेताना अंमलदार मनात एकच वाटणी करतो : दखलपात्र (पोलीस स्वतःहून तपास करू शकतात असा गुन्हा) की अदखलपात्र. भांडण, शिवीगाळ, साधा मार, धमकी हा रोजचा माल. जुन्या भारतीय दंड संहितेत 323, 504, 506. 1 जुलै 2024 पासून, नव्या भारतीय न्याय संहितेत, तीच कलमं 115(2), 352, 351(2) झाली. याची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, होते. एनसीत कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करता येत नाही, म्हणून 'एनसी घेतली पण कोणी आलं नाही' ही तक्रार कायमची. मात्र मार लागलेल्याला आधी 'यादी' देऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवतात (आमच्याकडे यादी म्हणजे पत्र, किराण्याची नव्हे). डॉक्टरने हाड मोडल्याचं किंवा दात पडल्याचं लिहिलं, किंवा मार कोयत्या-कुऱ्हाडीने झाल्याचं निघालं, तर गुन्हा दखलपात्र होतो. तेव्हा फिर्याद द्यायची घाई करू नका, पण दवाखान्याची नक्की करा. दोन दिवसांनी काढलेल्या एक्स-रेवर 'मधल्या काळात पडलात कशावरून नाही' हा प्रश्न ठरलेला.

चोरीतही नवी मेख आहे. माल 5,000 रुपयांच्या आतला असेल, आरोपीचा पहिलाच गुन्हा असेल आणि माल परत मिळाला असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे आणि ते प्रकरण अदखलपात्र. म्हणून किंमत अंदाजे सांगू नका, बिल न्या.

18 वर्षांखालचं मूल हरवलं तर 'मिसिंग'मध्ये नोंदवून चोवीस तास वाट पाहण्याचा नियम नाही. थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो.

तालुका कोर्टातला वकील

वरच्याला जोड. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याला वर्ग करायचा असतो. ऑनलाइन फिर्याद दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. बरेच जण हे विसरतात. तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने 14 दिवस प्राथमिक चौकशी करता येते. 'चौकशी चालू आहे' असं सांगितलं तर ती याच तरतुदीखाली आहे का आणि कोणत्या तारखेपासून, हे शांतपणे विचारा. घेतच नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा. पुढे न्यायाधीशापुढे गेलात तर ती पोच लागते.

आणि महिला, पंधरा वर्षांखालची मुलं किंवा साठीपुढचे पुरुष यांना साक्षीदार म्हणून जबाबाला ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो. फोनवरून 'येऊन जा' म्हणणं हा निव्वळ सोयीचा भाग आहे.

मुद्देमाल मोहरर, विदर्भ

तिकडे मुद्देमाल कारकून म्हणतात, आम्ही मोहरर. ठाण्यातली सगळ्यात नावडती खुर्ची आहे ही, कारण बदली झाली की चार्ज देताना खोलीतली एकेक वस्तू रजिस्टरशी जुळवून द्यावी लागते.

जप्त माल आला की आधी लेबल बघायचं : गुन्हा नंबर, कलम, जप्तीची तारीख-वेळ, दोन्ही पंचांच्या आणि जप्त करणाऱ्याच्या सह्या, वरून लाखेचं सील. सीलचा ठसा उठला नसेल तर माल ठेवून घेऊ नये, तपासी अंमलदार कितीही घाईत असो. लॅबमधून शंका काढून माल परत येतो तो बहुतेक दोन कारणांनी : सोबतच्या फॉर्मवरचा सीलचा नमुना पुडक्यावरच्या सीलशी जुळत नाही, किंवा वर्णन जुळत नाही. पंचनाम्यात 'निळसर शर्ट', लेबलवर 'आकाशी शर्ट', फॉर्मवर 'कपडे'. संपलं.

रक्ताचे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. ओल आत राहते, बुरशी धरते, तपासणी वाया जाते. सावलीत वाळवायचे, प्रत्येक कपडा वेगळ्या कागदात, मग खाकी पाकीट. उन्हातही वाळवायचे नाहीत. व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले अवयवांचे भाग) मिठाच्या संपृक्त द्रावणात येतो. बरणी गळते आहे का ते गाडीत ठेवण्याआधी बघा.

दारूबंदीच्या केसमध्ये हातभट्टीची दारू असेल तर 180 मिलीची बाटली नमुना म्हणून सीलबंद करतात आणि रसायन (दारूसाठी आंबवलेलं मिश्रण) जागेवरच नाश करतात. तो नाश पंचनाम्यात लिहायचा राहिला की वरचे विचारतात, बाकीचं कुठे गेलं?

आवारातल्या गंजलेल्या गाड्यांबद्दल सगळे विचारतात. फोटो-व्हिडिओ घेऊन विल्हेवाट लावायची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 मध्ये आहे. कोर्टाने 14 दिवसांत वर्णन तयार करायचं आणि त्यानंतर 30 दिवसांत हुकूम द्यायचा. अडतं ते मालकापाशी. सुपूर्तनाम्यावर (खटला संपेपर्यंत ताबा मिळण्यासाठी) गाडी सोडवायला अर्ज, आरसी, विमा आणि बंधपत्र लागतं. जुन्या दुचाकीचा विमा संपलेला असतो आणि गाडीच्या किमतीपेक्षा हेलपाटे महाग पडतात. मालक फिरकत नाही, पावसाळा फिरकतो.

माजी हजेरी मेजर (ठाण्यात ड्युटी लावणारा)

'माणसं कमी आहेत' हे रडगाणं वाटतं, म्हणून हिशेब मांडतो. समजा हजेरीपटावर 45 जण आहेत. साप्ताहिक सुट्टीवर 6, रजा-आजारी 4, जिल्ह्याच्या शाखांना संलग्न 5 (पगार इथे, काम तिथे), प्रशिक्षणाला 2. उरले 28. ठाणे अंमलदार आणि मदतनीस तीन पाळ्यांत 6. गार्ड 4. डायल 112 ची गाडी दोन पाळ्यांत, चालक आणि अंमलदार धरून 4. कोर्ट पैरवी (कोर्टातल्या केसेसचा पाठपुरावा) आणि समन्स-वॉरंट 3. मुद्देमाल, बारनिशी (टपालाची आवक-जावक), गोपनीय मिळून 3. राहिले 8. या आठांत चार बीट (गावांचे गट), डीबी म्हणजे गुन्हे शोध पथक आणि रात्रगस्त बसवा. त्यात मंत्र्याचा दौरा आला की रात्रगस्तवाला सकाळी पॉइंटवर उभा, आणि त्याच्याकडचे समन्स न बजावता परत. गणपतीचे दहा दिवस तर साप्ताहिक सुट्टी हा रकानाच कोरा.

ड्युटी लावताना चुकतं ते इथे : कोर्टाची तारीख असलेल्या अंमलदाराला बंदोबस्ताला पाठवलं जातं. साक्षीला गैरहजर म्हणून त्याच्याच नावाचं वॉरंट निघतं आणि ते बजवायला त्याचाच शेजारी जातो.

बदल्यांचंही थोडं. शिपाई-हवालदारांना एका ठिकाणी सर्वसाधारण पाच वर्षं, फौजदार ते निरीक्षकांना एका ठाण्यात दोन. म्हणजे अधिकाऱ्याला हद्दीतल्या वाड्या-वस्त्या कळू लागतात तोवर पेटी भरायची वेळ येते. गावाची खरी माहिती हवालदाराच्या डोक्यात असते, आणि कागदावर ती कुठेच नसते.

कोर्ट पैरवी अंमलदार

सुटलेल्या केसेसमध्ये सारख्या दिसणाऱ्या चुका लिहितो.

पंच. दर पंचनाम्याला ठाण्यासमोरचा तोच चहावाला. उलटतपासात 'आजवर किती वेळा पंच झालात' एवढंच विचारलं तरी पुरतं.

दुकानाचं सीसीटीव्ही. हार्ड डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, कुठे आठवड्यात तर कुठे महिन्याने. म्हणून पहिल्याच दिवशी दुकानदाराला लेखी पत्र द्यायचं. डीव्हीआरचं घड्याळ बहुधा चुकीचं असतं. आपल्या मोबाइलची वेळ आणि पडद्यावरची वेळ, दोन्ही पंचनाम्यात लिहायच्या. नाहीतर आरोपी घटनेच्या वीस मिनिटं आधीच 'पळून जाताना' दिसतो. पेनड्राइव्हसोबत नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग 'अ' यंत्र ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, भाग 'ब' तज्ज्ञ भरतो, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. भाग 'ब' कोरा ठेवून दोषारोपपत्र गेलेलं सर्रास दिसतं.

झडती-जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. सीलबंद पुडकं दाखवण्यात अर्थ नाही. माल सापडल्यापासून सील होईपर्यंत कॅमेरा चालू हवा.

दोषारोपपत्राची मुदत. आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवस. एक दिवस चुकला की जामीन हक्काचा होतो. लॅबचा अहवाल यायचाय म्हणून थांबू नये, तो नंतर जोडता येतो.

बीट हवालदार, मराठवाडा

बीट म्हणजे दहा-पंधरा-वीस गावं आणि एक मोटारसायकल. पेट्रोलचं विचारू नका. बाकी सगळं पोलीस पाटलावर. पाटलाची नेमणूक आमच्याकडून होत नाही, महसूलकडून प्रांत करतात. त्यामुळे चांगला पाटील मिळाला तर बीट सोपं, नाहीतर बांधाचं भांडण डोकी फुटल्यावरच कळतं. पेरणीच्या तोंडावर बांध आणि रस्ता, उन्हाळ्यात पाणी, सणाला मिरवणुकीचा मार्ग, असं वेळापत्रक ठरलेलं असतं. सणाआधी ज्या नोटिसा द्यायच्या त्या पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 च्या होत्या, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 168 च्या. जुने गडी अजून 149 च म्हणतात.

वाचकाचा प्रश्न : फोन हरवला तर कोणत्या टेबलावर जायचं?

सीसीटीएनएस (पोलिसांची संगणक यंत्रणा) ऑपरेटर : माझ्याच. पण आधी त्याच नंबरचं नवं सिम काढा, कारण सीईआयआर, म्हणजे हरवलेला फोन ब्लॉक करायच्या सरकारी पोर्टलचा ओटीपी त्यावर येतो. नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला 24 तास लागतात, म्हणून त्याच दिवशी आलात तर परत जावं लागेल. सोबत आधार, खरेदीचं बिल आणि खोक्यावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक). दोन सिमचा फोन असेल तर दोन्ही आयएमईआय. फोन सापडल्यावर पोर्टलवर अनब्लॉक करायला विसरू नका, नाहीतर हातात आलेला फोन नेटवर्क पकडत नाही आणि लोक पुन्हा माझ्याकडेच येतात.