जंगल आणि समुद्र एकाच सहलीत, मित्रमैत्रिणींसोबत : तुमचे अनुभव लिहा

आम्ही कॉलेजच्या सहा मैत्रिणी, सगळ्या चाळिशीपुढच्या. पंधरा वर्षं नुसतं "जाऊया गं, जाऊया" चाललंय. या वेळी रेनफॉरेस्ट आणि समुद्र असं दोन्ही करायचं एवढं पक्कं आहे, जागा अजून ठरत नाहीये. एकीला पोहता येत नाही, एकीचा गुडघा दुखतो, एकीला किड्यांची भयंकर भीती आहे. ग्रुपने असं कुणी जाऊन आलं असेल तर लिहा ना, कुठे गेलात, काय बघितलंत, काय चुकलं. बघायच्या ठिकाणांच्या याद्या सगळीकडे मिळतात, मला तुमच्यावर काय बेतलं ते हवंय.

*

आम्ही चौघं मित्र ऑस्ट्रेलियात डेनट्रीच्या रेनफॉरेस्टमध्ये गेलो होतो, ऑगस्टमध्ये. केर्न्सहून गाडी घेऊन उत्तरेला निघालं की डेनट्री नदी आडवी येते, तिथे पूल नाहीये, तारेच्या आधाराने चालणारी फेरी आहे, गाडीसकट त्यात चढायचं आणि पलीकडे उतरलं की हवाच बदलते, एकदम गार, ओली आणि रस्त्यावर दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली. केप ट्रिब्युलेशनला तर जंगल थेट वाळूपर्यंत येतं. समोरच्या समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ ही प्रवाळांची रांग, मागे हे जंगल, म्हणजे दोन जागतिक वारसास्थळं एकमेकांना खेटून, एक १९८१ साली जाहीर झालेलं आणि एक १९८८ साली.

आणि असा समुद्र समोर असताना पाण्यात जायचं नाही! किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या सूचनांचे बोर्ड आहेत. नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा सीझन असतो, त्यासाठी बीचवर व्हिनेगरच्या बाटल्यासुद्धा ठेवलेल्या असतात. आमच्यातला एक जण ऐकेचना, एवढ्या लांब आलोय तर निदान कमरेपर्यंत तरी जाऊ दे म्हणाला, त्यावरून आमची चांगलीच जुंपली, संध्याकाळभर कुणी कुणाशी नीट बोललं नाही. मला अजूनही वाटतं की आम्ही त्याला अडवलं ते बरोबरच केलं. दुसऱ्या दिवशी बोटीने बाहेर रीफवर गेलो तिथे तो मनसोक्त पोहला आणि वर येऊन पहिल्यांदा मलाच मिठी मारली.

ज्यांचा गुडघा दुखतो त्यांच्यासाठी : दुबुजीचा बोर्डवॉक एकदम सपाट आहे, लाकडी फळ्यांवरून रमतगमत चालायचं, खाली खारफुटी आणि दलदल. आम्हाला कॅसोवरी दिसला तो मात्र रस्त्याच्या कडेला. माणसाएवढा उंच पक्षी, निळी मान, डोक्यावर शिंगासारखा तुरा. पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हळूहळू मागे सरकायचं हे आधीच वाचून गेलो होतो आणि तसंच केलं. तो मोठमोठी फळं अख्खी गिळतो आणि बिया लांब नेऊन टाकतो, तिथल्या कितीतरी झाडांचा पसारा त्याच्यावर अवलंबून आहे. हे माहीत झालं की त्याच्याकडे बघायची नजरच बदलते.

*

सीझन नीट बघा एवढंच सांगते. आम्ही मलेशियात तामान नगाराचं जंगल आणि नंतर पेरहेंतियन बेटं असं डिसेंबरात ठरवलं होतं आणि खूप उशिरा कळलं की त्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हाच मान्सून असतो, बेटांवरची बहुतेक हॉटेलं बंद. मग ऐनवेळी पश्चिमेला लंकावीला वळलो, तिथे त्या दिवसांत कोरडं असतं आणि जंगलही आहे.

किड्यांना घाबरणाऱ्या मैत्रिणीला जळवांबद्दल आधीच सांगून ठेवा. घट्ट विणीचे लांब मोजे घालायचे, पँट आत खोचायची. चिकटलीच तर ओढायची नाही, नखाने कडेने सरकवत सोडवायची. नंतर बराच वेळ रक्त येत राहतं, दुखत अजिबात नाही, पण ते बघूनच आमची एक रडायला लागली होती.

*

पोहता न येणाऱ्यांसाठी कोस्टारिकातलं तोर्तुगेरो. तिथे समुद्र इतका खवळलेला असतो की पोहायचा प्रश्नच नाही, सगळं फिरणं कालव्यांमधून बोटीने. गावाला रस्ताच जात नाही, बोटीनेच पोचायचं नाहीतर छोट्या विमानाने. जुलै ते ऑक्टोबर हिरवी कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. रात्री गाइडशिवाय बीचवर जाता येत नाही. कॅमेरा नाही, मोबाइल नाही, पांढरा टॉर्च नाही, कपडेही गडद.

आम्ही पाच जणी एकमेकींचे हात धरून अंधारात उभ्या होतो, बराच वेळ काहीच नाही, फक्त लाटांचा आवाज. मग गाइडने लाल दिवा धरून आम्हाला मागच्या बाजूने नेलं. एक कासवीण मागच्या पायांनी खड्डा करत होती, एकेक पाय वाटीसारखा वळवून वाळू बाहेर काढत होती, आणि मग अंडी पडायला लागली, शंभराच्या आसपास असतात म्हणे. आमच्यातल्या एकीची आई त्याच वर्षी गेली होती. ती तिथे हुंदके न देता नुसती रडत राहिली, आम्हीही काही बोललो नाही. एकीकडेही फोटो नाही आणि त्याचं काही वाटत नाही.

*

लांब जायचं नसेल तर अंदमान करा. हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) एलिफंट बीचवर जायला जंगलातून पायवाट आहे, साधारण दोन किलोमीटर. पाऊस पडून गेला असेल तर चिखलात पाय घसरतो आणि शेवटी खारफुटी लागते, आम्ही गेलो तेव्हा भरती होती म्हणून गुडघाभर पाण्यातून चाललो. गाइड घ्या आणि वाट चालू आहे का ते तिथे विचारून घ्या. पण त्याच बीचवर बोटही जाते! आमच्यातल्या ज्याचं पाठीचं ऑपरेशन झालं होतं तो बोटीने गेला, आम्ही बाकीचे चालत. झाडीतून बाहेर पडलो तर तो पाण्यात उभा राहून दोन्ही हात हलवत होता. अंधार लवकर पडतो, साडेपाचलाच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी लवकर निघा.

*

हे सगळं आत्ता आमच्या ग्रुपवर वाचून दाखवलं. गुडघेवाली म्हणतेय मी बोटीने, तुम्ही चालत या. म्हणजे अंदमान ठरलं, जानेवारीत.