अनुभव लिहा: पर्यावरणाच्या नावाखाली अडलेली घरं

मंडळी, कॅलिफोर्नियात घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर कधी ना कधी 'सीक्वा' हा शब्द पडतोच. CEQA, म्हणजे १९७० सालचा राज्याचा पर्यावरण कायदा. बांधकामाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे मंजुरीआधी तपासून अहवाल करायला तो लावतो. सुरुवातीला तो सरकारी कामांपुरताच आहे असं धरून चालत होते. १९७२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो खासगी बांधकामांनाही लावला. तेव्हापासून रीतसर मंजूर झालेल्या इमारतीवरही शेजारीपाजारी केस टाकू शकतात. अशा केसमुळे तुमचं काय झालं ते लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या गावात ट्रेन स्टेशनपासून सात मिनिटांवर एक बंद पडलेलं दुकान आणि त्याचा भलामोठा पार्किंग लॉट आहे. डांबराला भेगा, भेगांतून गवत. तिथे पाच मजली इमारत ठरली, काही घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी राखीव. सिटी कौन्सिलच्या बैठकीत मीही दोन मिनिटं बोलले. माझा नंबर लागला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते, धाकटा मांडीवर झोपलेला. मंजुरी मिळाली तेव्हा बाहेर गाडीजवळ आम्ही काही जणी अक्षरशः रडलो. महिना पुरा व्हायच्या आत केस पडली. मुद्दे तीन: सावली, रहदारी आणि जुन्या पेट्रोल पंपाची माती. मातीचं मला पटलं, ती तपासायलाच हवी. पण ती तपासून स्वच्छ करायचं अहवालात आधीच लिहिलेलं होतं! तीन वर्षं नुसतं जाळीचं कुंपण. शेवटी तडजोड होऊन एक मजला कापला आणि त्याबरोबर राखीव घरंही कमी झाली. मुलाच्या बालवाडीच्या बाई त्या घरांसाठी अर्ज करणार होत्या. त्या आता सॅक्रामेंटोला असतात.

बर्कलीत शिकलेल्या मुलीची आई: ताई, बरं झालं विषय काढलात. २०२२ मध्ये लेकीचा अर्ज बर्कली विद्यापीठाला होता आणि ऐन निकालाच्या तोंडावर बातमी आली की याच कायद्याखालच्या केसमध्ये कोर्टाने विद्यार्थिसंख्या गोठवली आहे. सुमारे तीन हजार जागा जाणार होत्या. मार्चमध्ये विधिमंडळाने घाईघाईने कायदा बदलला म्हणून निभावलं. प्रवेश मिळाला, पण राहायचं कुठे? पीपल्स पार्क या विद्यापीठाच्या जागेवर अकराशे विद्यार्थ्यांची सोय आणि शंभरावर बेघरांसाठी घरं व्हायची होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचा परिणाम नीट तपासलेला नाही. लेक फोनवर आधी गप्पच झाली, मग म्हणाली, "आई, म्हणजे आम्ही प्रदूषण?" एका खोलीत चौघी राहत होत्या. सकाळी एक गादी भिंतीला उभी लावली की मगच दार पूर्ण उघडायचं. सप्टेंबरात कायदा बदलला, जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली. तोवर तिची दोन वर्षं तशीच गेली होती.

ट्रेसीहून: माझं थोडक्यात. नोकरी सनीव्हेलला, घर ट्रेसीला, कारण परवडलं ते इथेच. पहाटे पावणेपाचला निघतो, आल्टामाँटच्या पवनचक्क्या अंधारातच मागे पडतात. रोजचे शंभरावर मैल. ऑफिसजवळ घरं अडली म्हणून माझ्या गाडीतून जो धूर निघतो, तो कोर्टात कोण मांडणार?

सॅन फ्रान्सिस्को, आर्किटेक्टच्या ऑफिसातून: मार्केट स्ट्रीटजवळ स्टीव्हन्सन स्ट्रीटच्या एका पार्किंग लॉटवर ४९५ घरं व्हायची होती. केससुद्धा लागली नाही, अपिलावरच ऑक्टोबर २०२१ मध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने (म्हणजे इथल्या सिटी कौन्सिलने) ८ विरुद्ध ३ मतांनी पर्यावरण अहवाल अपुरा ठरवला. याच कायद्याने इथल्या सायकल मार्गिका २००६ ते २०१० अडकून पडल्या होत्या. सायकलींच्या! आता ग्राहक पहिल्याच बैठकीत विचारतो, "केस झाली तर?" आणि आम्ही नकाशातच दोन मजले कमी काढतो. न काढलेल्या त्या मजल्यांची नोंद कुठेच होत नाही.

फोंटानाहून: माझा अनुभव उलटा आहे, रागावू नका. इकडे घरं नाही, गोदामं येतात. दिवसरात्र ट्रक. तुळशीचं पान पुसलं तर बोटाला काळं लागतं. शाळेला लागून होणाऱ्या एका गोदामावरून २०२१ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनेच शहरावर याच कायद्याखाली दावा लावला, आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन गोदामांसाठी कडक नियम झाले. हा कायदा नसता तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं? तो मोडीत काढा असं कृपा करून म्हणू नका.

फोंटानाच्या दादा, रागावू कशाला, तुमचं अगदी बरोबर आहे. तुळशीवरची काजळी आणि माझ्या गावातलं भेगाळलेलं डांबर एकाच तराजूत घालतात, माझं भांडण तेवढ्याशीच आहे. ३० जून २०२५ ला गव्हर्नर न्यूसम यांनी सही केलेल्या कायद्याने शहरातल्या वस्तीतच, वीस एकरांपर्यंतच्या जागेवर होणारी घरं अटी पाळल्यास सीक्वातून वगळली आहेत. हे पाच वर्षं आधी झालं असतं तर बालवाडीच्या बाई इथेच असत्या.

या नव्या कायद्याखाली मंजुरी मिळताना कुणी पाहिली आहे का? सॅन होझे, डेव्हिस, लॉस एंजेलिसकडचे असाल तर किती महिने लागले ते नक्की लिहा. आमच्या इथे स्टेशनजवळचा दुसरा प्लॉट पुढच्या महिन्यात कौन्सिलसमोर येतोय, आणि मला परत दोन मिनिटं बोलायचंय.