मोजक्या पैशांत जुने ड्रम जमवायचे आहेत, आधी काय घेऊ?

रिमक्लिक

साठ-सत्तरच्या दशकातले ड्रम हळूहळू जमवायचे आहेत. कपाटात ठेवण्यासाठी नाही, वाजवण्यासाठी. पैसे मोजके असल्याने पूर्ण सेट एकदम घेणं जमणार नाही. दोन प्रश्न आहेत. स्नेअर (तळाला तारा असलेला छोटा ड्रम) आधी घ्यावा की बाकीचे शेल (ड्रमची पोकळ पिंपं)? आणि सध्या एक जपानी सेट समोर आलाय: 22 इंची बेस (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), 13 चा टॉम, 16 चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा), बॅजवर अनोळखी नाव. निळं स्पार्कल रॅप (शेलवरचं चकाकणारं आवरण) आहे, टॉमच्या सांध्यावर सुटलंय. फ्लोअर टॉमचे दोन लग (ताण देणारे रॉड ज्यात बसतात ते शेलवरचे धातूचे तुकडे) नाहीत, रिमा (पडदा दाबून धरणाऱ्या कड्या) गंजल्यात. शेल आतून पातळ आहे आणि दोन्ही कडांना लाकडी रिंग आहे. घ्यावा का? बघायला जाताना काय काय तपासू?

जुनाशेल

पातळ शेल आणि रिंग या वर्णनावरून ते लुआन लाकडाचं, म्हणजे फिलिपिन्स महोगनीचं असणार. त्या काळात जपानी कारखाने एकसारखेच ड्रम बनवायचे आणि आयात करणारे आपापल्या नावाचे बॅज लावायचे. म्हणून नावावरून काही ठरवू नका, शेल बघा. लाकूड मऊ असतं, आवाज उबदार आणि थोडा आखूड. कमी पैशांत जुना आवाज हवा असेल तर यांच्याइतकं परवडणारं दुसरं काही नाही.

हेड (ताणलेला पडदा) काढल्याशिवाय सौदा पक्का करू नका. हेड आणि हूप म्हणजे रिम काढलं की मोजपट्टीने बाहेरचा व्यास चार दिशांनी घ्या. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मापात दीड मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर चालतं. तीनच्या वर गेला तर हेड एका बाजूला घासतं, दुसऱ्या बाजूला सैल राहतं आणि ड्रम सुरात येत नाही. त्यानंतर त्या मापाचं नवं हेड शेलवर ठेवून हाताने फिरवा. विनासायास फिरलं पाहिजे. प्लास्टिक हेडं 1957 च्या सुमाराला बाजारात आली, त्याआधीचे शेल चामड्याच्या हिशोबाने बनलेले असत. साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश प्रीमियर ड्रमना तर आजच्या मापाचं हेड बसतच नाही. जाड रॅप चढवलेल्या शेलवरही हेड अडकतं.

कड (ज्यावर हेड टेकतं ती) तपासायला सपाट काच किंवा दगडी ओटा पुरतो. शेल उपडं ठेवा, आत टॉर्च लावा, खोलीत अंधार करा. कुठून उजेड झिरपतो ते पेन्सिलीने टिपा. मग शेल पाव फेरा फिरवा. फट शेलसोबत सरकली तर कड खाली आहे, जागच्या जागी राहिली तर ओटा सपाट नाही. हे दुसरं न बघता अनेक चांगले शेल उगाच नाकारले जातात.

एखादा लग काढून खालचं रॅपही बघा. निळं स्पार्कल उन्हाने हिरवट पडतं, पांढरं पर्ल पिवळं. लगच्या सावलीत मात्र मूळ रंग जसाच्या तसा असतो, अगदी लगच्या आकाराचा ठसा. वाजवायला याने काही बिघडत नाही. पण पुढे याच सेटला जोड म्हणून सुटा टॉम घेतलात तर दोन निळे एकमेकांशी जुळणार नाहीत, हे आत्ताच धरून चला.

वीस_तारा

माझं मत: स्नेअर आधी. चांगला स्नेअर कुठल्याही सेटबरोबर वाजतो, फ्लोअर टॉम एकटा पडून राहतो.

नाव सुचवायचं तर लुडविग या अमेरिकन कंपनीचा अॅक्रोलाइट. 14 बाय 5 इंचांचा, आठ लगचा, अॅल्युमिनियमचा, शिकणाऱ्या मुलांसाठी काढलेला. त्याच कंपनीच्या सुप्राफोनिकचं अॅल्युमिनियम शेलही याच जातीचं, फक्त त्याला दहा लग आणि वर क्रोम. अॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही, त्यामुळे जुन्या सुप्राफोनिकवर फोड येतात आणि ते वाढत जातात. अॅक्रोलाइटवर क्रोमच नाही, म्हणून तो प्रश्न येत नाही. फोड आलेला सुप्राफोनिक स्वस्तात मिळाला तरी खुशाल घ्या, आवाजात फरक पडत नाही. पण नवं क्रोम चढवायच्या फंदात पडू नका, त्या खर्चात दुसरा ड्रम येईल. लोहचुंबक खिशात ठेवा. शेलला चिकटला तर ते पोलादी आहे, विकणारा काहीही सांगो.

स्ट्रेनरचा (तारा ताणणाऱ्या-सोडणाऱ्या खटक्याचा) दांडा दहा-बारा वेळा चढवून उतरवून बघा. वाजवताना आपोआप खाली येत असेल तर आतला खाचा झिजलाय, आणि जुन्या मॉडेलचा स्ट्रेनर शोधणं हे हेड शोधण्याइतकं सोपं नाही. तारा तुटक्या असतील तर काळजी नको, 20 तारांचा नवा संच कुठेही मिळतो.

आणखी एक. 9 फेब्रुवारी 1964 ला रिंगो स्टार अमेरिकन टीव्हीवर लुडविगच्या काळ्या ऑयस्टर पर्ल सेटवर वाजला आणि तेव्हापासून त्या फिनिशला वेगळाच भाव आहे. 20-12-14 इंची (बेस, टॉम, फ्लोअर टॉम) जॅझ सेटही महाग. उलट सत्तरच्या दशकातले 24 आणि 26 चे बेस आणि एकाच बाजूला हेड असलेले कॉन्सर्ट टॉम फारसं कुणी मागत नाही. जादा भोकं पाडलेला किंवा रॅप बदललेला शेलही हिंडून शोधा. संग्राहक त्याला हात लावत नाहीत, वाजवणाऱ्याला तो उत्तम.

लगस्प्रिंग

गायब लगबद्दल. दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, मिलिमीटरमध्ये. तेवढ्या अंतराचा लग मिळाला तर शेलला नवं भोक पाडावं लागत नाही. दिसायला वेगळा असेल तर मागच्या बाजूला लावा.

रॉडचे (ताण देणाऱ्या लांब स्क्रूचे) आटे त्याहून महत्त्वाचे. बहुतेक अमेरिकन ड्रमचा रॉड 12-24 (12 नंबर जाडी, इंचाला 24 आटे) असतो, जाडी साधारण 5.5 मिलिमीटर. जुन्या जर्मन सोनरचा 6 मिलिमीटर. 12-24 चा रॉड 6 च्या नटमध्ये आत जातो, म्हणून लोक फसतात. सैल फिरतो, ताण आला की सटकतो आणि नटचे आटे खाऊन टाकतो. जपानी सेटमध्ये दोन्ही तऱ्हा सापडतात, म्हणून शाबूत असलेला एक रॉड नमुन्याला सोबत न्या.

गंज: पोलादी रिम आणि रॉड पाण्यात बुडवलेल्या अॅल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत. पुसून, वाळवून तेलाचा हात फिरवा. लग मात्र व्हिनेगरमध्ये बुडवू नका. ते जस्ताच्या ओतकामाचे असतात, आम्ल क्रोमच्या भेगांतून आत शिरून जस्त खातं आणि आठवडाभरात लगला पांढरी बुरशीसारखी पूड सुटते. लग उघडलाच आहात तर आतल्या स्प्रिंगभोवती फेल्टची पट्टी गुंडाळा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला ती किणकिणते.

रॅपच्या सांध्याला अॅसिटोन लावायचा नाही, सेल्युलॉइड विरघळतं. हीटगनही नको, जुनं सेल्युलॉइड पेटतं. जुना गोंद लाकडी पट्टीने खरवडा, दोन्ही बाजूंना कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्हचा पातळ थर द्या, हाताला चिकटेनासा होईपर्यंत म्हणजे पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग मधे बटर पेपर ठेवून सांधा जुळवा आणि कागद हळूहळू ओढत दाबत जा. एकदा टेकलं की सरकवता येत नाही. वरून सपाट पट्टी आणि क्लॅम्प, चोवीस तास. रॅप आकसून आखूड झालं असेल तर ओढून पुरवू नका, ते फाटतं. फट राहू द्या.

रिमक्लिक

मोजून आलो. बेसमध्ये 1 मिलिमीटर फरक, टॉममध्ये दीड. फ्लोअर टॉममध्ये 4 निघाला, आणि खालच्या बाजूची रिंग साधारण वीतभर सुटली आहे. नवं हेड तिन्हींवर मोकळं फिरतं. फ्लोअर टॉम सोडून द्यावा का? की कडा नव्याने कापून घ्याव्यात?

जुनाशेल

वरची बाजूही मोजलीत का? रिंग सुटल्यावर ती बाजू फाकते. वरचा फरक दोनच्या आत असेल तर शेल वाकडं नाही, रिंग चिकटवल्यावर परत येईल. दोन्ही बाजूंना 4 असेल तर सोडा.

कडा कापू नका. मूळ कड गोलसर असते, तिच्यामुळेच तो मऊ आवाज येतो. कापलीत तर लुआनचे पदर फुटतात, शिवाय रॅपची कड उघडी पडते.

लगस्प्रिंग

कापू नका हे खरं, पण रिंग चिकटवल्यावर ती बाजू थोडी खाली-वर होतेच. ओट्यावर 150 नंबरचा सँडपेपर चिकटवून शेल त्यावर आठाच्या आकड्यासारखं फिरवा, भार न देता. दर वीस फेऱ्यांनी टॉर्च लावून बघा आणि उजेड बंद झाला की थांबा. गोलाई 240 च्या कागदाने हाताने परत द्या.

रिंगेसाठी: फटीत सिरिंजने लाकडाचा पांढरा गोंद भरा, पातळ पट्टीने आतपर्यंत पसरवा. क्लॅम्प लावण्याआधी शेलच्या आत, जिथे व्यास कमी आहे त्या दिशेने, बरोबर मापाची काठी अडकवा, म्हणजे शेल गोल होऊनच सुकेल. दर दोन इंचांवर एक क्लॅम्प, खाली बटर पेपर, बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसा. काठी चोवीस तास काढू नका. क्लॅम्प आधी काढा, काठी नंतर.

वीस_तारा

भाव ठरवताना दोन लग, त्यांचे स्क्रू, रॉड आणि तिन्हींची मिळून सहा हेडं यांचा खर्च कागदावर मांडून विकणाऱ्यासमोर ठेवा. बेसचे क्लॉ (रिम पकडणारे आकडे) आणि टी-रॉडही (टी-आकाराच्या डोक्याचे रॉड) मोजा, मागच्या बाजूचे एक-दोन हमखास कमी असतात.