पावभाजीच्या जन्मकथेत आपला कापूस: हा इतिहास की नुसती गोष्ट?

धरणगावकर (धागाकर्ता)

परवा जळगावातल्या एका नव्या हॉटेलात भिंतभर रंगवलेला 'पावभाजीचा इतिहास' वाचला. गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असेल. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून खान्देश-वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला. अमेरिकेहून तारेने येणाऱ्या भावांची वाट बघत मुंबईचे दलाल रात्र रात्र जागू लागले. घरी गेल्यावर जेवण मिळायचं नाही, म्हणून गाडीवाल्यांनी उरल्यासुरल्या भाज्या तव्यावर ठेचून पावाबरोबर द्यायला सुरुवात केली. खाली कपाशीचं बोंड रंगवलेलं आणि 'खान्देशची देणगी' असं लिहिलेलं.

आमच्या घरात तीन पिढ्या जिनिंगचा धंदा आहे. कापसाबद्दल कुणी काही लिहिलं की मी शेवटपर्यंत वाचतो. या गोष्टीचा पूर्वार्ध खरा आहे. त्या चार वर्षांत आपल्या कापसाचे भाव खरोखरच चढले, मुंबईत पैशाचा पूर आला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्यावर सगळं कोसळलं. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे सटोडियेही त्यात बुडाले.

उत्तरार्ध मात्र घडूच शकत नाही. अटलांटिक समुद्राखालून १८५८ मध्ये टाकलेली तार काही आठवड्यांत मुकी झाली. टिकणारी तार पडली १८६६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. हिंदुस्थान इराणच्या आखातातून युरोपशी तारेने जोडला गेला तोच मुळी १८६५ च्या सुरुवातीला. युद्धाच्या काळात मुंबईला भाव कळायचे ते बोटीच्या टपालाने, तेही आठवडे उलटल्यावर, आणि भाव ठरायचा लिव्हरपूलला. मग अमेरिकेच्या कुठल्या तारेसाठी हे दलाल जागत होते?

खुद्द सँडविचची कथाही अशीच आहे. इंग्लंडचा एक उमराव, सँडविचचा अर्ल, जुगाराच्या टेबलावरून उठायला तयार नव्हता, म्हणून त्याने पावाच्या दोन तुकड्यांत मांस मागवलं, असं सांगतात. याचा उगम ग्रोस्ले नावाच्या फ्रेंच प्रवाशाच्या १७७० च्या पुस्तकात आहे, आणि तीही लंडनमध्ये कानावर आलेली वदंता. या अर्लचं चरित्र लिहिणारे रॉजर म्हणतात की हा माणूस आरमाराच्या कामात बुडालेला असायचा, तेव्हा तो जुगारापेक्षा कामाच्या टेबलावर असं खात असण्याचा संभव जास्त. पुढे अमेरिकेत रुबेन नावाचं सँडविच निघालं: राय पाव, खारवलेलं गोमांस, चीज, आंबवलेली कोबी. त्याचीही कथा हीच, ओमाहा शहरातल्या ब्लॅकस्टोन हॉटेलात १९२० च्या दशकात रंगलेला पोकरचा डाव. दीडशे वर्षांच्या अंतराने आणि महासागराच्या दोन्ही बाजूंना पत्तेच कसे येतात? ऐकायला बरं वाटतं म्हणून ते तिथे घातले जातात.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या काळाशी जुळत नाही ती गोष्ट इतिहास म्हणून भिंतीवर लावू नये. आणि खान्देशच्या कापसाबद्दल सांगायचंच असेल तर भाव पडल्यावर शेतकऱ्याचं काय झालं ते सांगा. या कथेत दलाल जेवतो, गाडीवाला कमावतो, आणि शेतकरी फक्त बोंडापुरता चित्रात असतो. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

सावद्याची लेक

दादा, तारेचा हिशेब तुम्ही चोख मांडलात, तिथे वाद नाही. पण शेवटी जो नियम केलात तो मला मान्य नाही.

काळाशी जुळणारा पुरावा कुणाकडे असतो? सँडविच या शब्दाचा सगळ्यात जुना लेखी उल्लेख एडवर्ड गिबन या इतिहासकाराच्या रोजनिशीत सापडतो, २४ नोव्हेंबर १७६२ चा. क्लबात बडी मंडळी थंड मांस नाहीतर सँडविच खात बसली होती, असं तो लिहितो. क्लबात जाणाऱ्याकडे रोजनिशी असते. शेतात निंदणीला जाणाऱ्या बाईकडे असते का? माझी आजी कळण्याच्या भाकरीवर भरीत पसरायची, वर मिरचीचा ठेचा, भाकरी दुमडायची आणि फडक्यात बांधून शेतावर न्यायची. बांधावर उभ्यानेच खाणं व्हायचं. ताट लागत नाही, वाटी लागत नाही. हे कुणी कुठे लिहून ठेवलं? कुठेच नाही. तुमच्या नियमाने ते झालंच नाही असं ठरेल.

गाडीवाल्याचंही तसंच. त्याच्या हयातीत त्याला कुणी विचारत नाही. नंतर कुणीतरी म्हणतं की हे त्याने काढलं, तर लगेच आपण पुरावा मागतो.

भुसावळ लोको

मला ही कथा खोटी वाटत नाही, चुकीच्या काळात बसवलेली वाटते.

रात्री भावांची वाट बघणं मुंबईत खरोखरच होतं, पण विसाव्या शतकात. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होतानाचे भाव मुंबईत यायचे आणि त्यावर आकडा लागायचा. १९६१ मध्ये ते बंद पडलं आणि पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली, त्याचाच मटका झाला. न्यूयॉर्कचा बाजार उघडायचा तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ उलटलेली असायची आणि तो बंद व्हायचा तेव्हा रात्र. म्हणजे कापसाच्या आकड्यासाठी रात्री जागणारी, भुकेलेली माणसं होती. त्यांना गाडीवर गरम भाजी आणि पाव मिळत असेल तर नवल नाही.

पुढे कुणीतरी कापूस आणि अमेरिका हे दोन शब्द ऐकले आणि शाळेत शिकलेली यादवी त्याला जोडून दिली. लोकांच्या आठवणीत माणसं आणि भूक बरोबर राहते, साल हलतं.

अमळनेरचा गिरणीवाला

तुम्ही तिघेही दलाल, उमराव आणि जुगारी यांच्याभोवतीच फिरताय. असं खाणं गिरणीच्या भोंग्यातून जन्माला येतं.

आमचं घर प्रताप मिलच्या पगारावर चाललं. पाळी बदलायच्या वेळी फाटकाबाहेर काय विकलं जायचं ते वडील सांगायचे: भजी, चहा, फुटाणे, पाव. सुटी एवढी तुटपुंजी की ताटावर बसणं शक्यच नाही. एका हातात मावेल, रस्सा सांडणार नाही, खिशाला परवडेल असंच खाणं तिथे टिकायचं. मुंबईत गिरणगावात तेच झालं, फक्त माणसं लाखोंनी जास्त. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि काम गेलेल्या कितीतरी जणांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. वडापाव पहिला कुणी केला यापेक्षा तो गल्लोगल्ली कुणी नेला हे मला मोठं वाटतं.

अमेरिकेतही असंच एक उदाहरण आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये १९२९ च्या जुलैत ट्रामच्या कामगारांनी संप केला. बेनी आणि क्लोव्हिस मार्टिन हे दोघे भाऊ पूर्वी ट्रामवरच कंडक्टर होते, नंतर त्यांनी हॉटेल काढलं. संपवाल्यांना त्यांनी फुकट जेवू घातलं. लांब पावात मांस, बटाटा, रस्सा भरून द्यायचे. 'पो-बॉय' हे सँडविच तिथलं मानतात. ते खाणं घडवलं संपाने.

धुळेकर आप्पा

गिरणीवाले भाऊ, तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. मार्टिन बंधूंनी संघटनेला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे, त्यात सभासदांना जेवण फुकट देण्याचं वचन आहे. नावं आहेत, शहर आहे, साल आहे. एवढंच नाही, लांब पावाची टोकं निमुळती असल्याने भाग समान पडत नव्हते, म्हणून जॉन जेंडुसा या बेकरीवाल्याने सगळीकडे सारख्या रुंदीचा पाव भाजून दिला. माणसांनी विचार करून केलेली ही कामं आहेत. 'संपाने घडवलं' म्हटलं की या तिघांचं श्रेय नाहीसं होतं.

तेच वडापावचं. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. त्याच सुमाराला सुधाकर म्हात्रे यांनीही तो सुरू केल्याचं सांगतात. दोन नावं आहेत म्हणून दोन्ही पुसायची का? वडे आधी होते, पाव आधी होता, गिरण्या तर शंभर वर्षं आधीच्या. गिरण्यांनीच वडापाव घडवला म्हणायचं तर तो १९०० मध्ये का नाही झाला? कुणीतरी पहिल्यांदा ते करून बघावंच लागतं.

नंदुरबारची माहेरवाशीण

आप्पांशी सहमत. आमच्याकडे नंदुरबारला दाबेली घरच्यासारखी. गुजरात शेजारी, सुरतेची रेल्वे दारातून जाते. दाणे, डाळिंब, बारीक शेव, बटाट्याचा आंबट-गोड मसाला, आणि लोण्यावर भाजलेला पाव. पण आमच्या गावात कुणी म्हणत नाही की दाबेली नंदुरबारची. कच्छमधल्या मांडवीची, तिथल्या केशवजी गाभा चुडासमा यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेली, असं गाडीवालेच सांगतात. पदार्थ आवडला म्हणून तो आपल्या गावच्या नावावर करावा लागत नाही.

सावद्याच्या ताई, एक विचारते. दुमडलेली भाकरी सँडविच कशी? तसं धरलं तर फ्रँकीसुद्धा सँडविच आणि पुरणपोळीसुद्धा. भरीत-भाकरीला स्वतःचं नाव आहे, मान आहे. तिला इंग्रजी उमरावाच्या पंगतीला कशाला बसवायचं?

सावद्याची लेक

माहेरवाशीण ताई, पंगतीला बसवायचं नाहीये. कामावर हातात धरून खायच्या जेवणाची अक्कल फक्त पावातून आली, असा जो समज पसरतोय त्याला मी हरकत घेतेय. मुलांना वडापावचा 'जनक' पाठ आहे. पण भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर भाजली की जी चव येते ती गॅसवर का येत नाही, हे त्यांना माहीत नाही. कापसाची काडी आमच्या जेवणात थेट चुलीतून आली, आणि खान्देशच्या कापसाचा खाण्याशी असलेला हा संबंध कुठल्याही हॉटेलच्या भिंतीवर मला आजवर दिसला नाही.

धरणगावकर

ताई, पऱ्हाट्यांचा मुद्दा मला फार पटला. भिंतीवर तेच रंगवायला हवं होतं.

पण 'पुरावा म्हणजे श्रीमंताची रोजनिशी' हे मला मान्य नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या अर्जात पदार्थाचं मूळ दाखवावं लागतं, आणि ते शेतकऱ्यांच्या पिकातून आणि गावांच्या ओळखीतून दाखवता आलं. म्हणजे साध्या माणसाचाही पुरावा असतो, तो गोळा करायचे कष्ट कुणीतरी घ्यावे लागतात. गाडीवाल्याचा परवाना, बेकरीची उधारीची वही, गिरणीच्या कॅन्टीनचा दरफलक, हे सगळं पुरावाच आहे. रुबेनच्या वादात पोकरची गोष्ट किती रंगते यावर कुणी निकाल देत नाही, ब्लॅकस्टोन हॉटेलच्या १९३४ च्या मेनूकार्डात रुबेनचं नाव आहे म्हणून ओमाहाची बाजू जड होते. न्यूयॉर्कवाले आर्नोल्ड रुबेन यांच्या हॉटेलाचं नाव पुढे करतात, १९१४ सांगतात. पण तिथल्या सँडविचमध्ये हॅम आणि टर्की होतं, आंबवलेली कोबी नव्हतीच. सामग्रीसुद्धा साक्ष देते.

आप्पा, वैद्य आणि म्हात्रे ही दोन्ही नावं मला मान्य आहेत, कारण त्यांच्याकडे खाल्लेली माणसं आपल्यात आहेत. पावभाजीच्या कथेत एकही नाव नाही, एकही गाडी नाही. आणि भुसावळवाले भाऊ, तुमची आकड्याची बाजू मला सगळ्यात जास्त शक्य वाटते, पण तीही आत्ता तर्कच आहे. तो तर्क म्हणूनच सांगू या.

अमळनेरचा गिरणीवाला

मला अजूनही पहिल्या माणसाचं एवढं अप्रूप कळत नाही. आप्पा विचारतात, १९०० मध्ये का नाही. कारण पाव स्वस्त आणि रोजचा व्हावा लागतो, बटाटा बारमाही मिळावा लागतो, आणि स्टेशनवर लाखो माणसं घाईत असावी लागतात. हे सगळं एकत्र आलं की एकाच वेळी दोघांना तेच सुचतं. वैद्य आणि म्हात्रे हेच त्याचं उदाहरण. लॉस एंजेलिसमध्येही रश्श्यात बुडवलेल्या सँडविचवर दोन हॉटेलं हक्क सांगतात, आणि दोन्ही १९०८ चीच.

धुळेकर आप्पा

दोघांना सुचलं तर दोघांची नावं लावा. लाखो माणसं घाईत होती आणि सुचलं त्या दोघांनाच. मी यावरून हटणार नाही.

भुसावळ लोको

धरणगावकर भाऊंच्या यादीतली एक गोष्ट आपल्याला लगेच करता येईल. भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, धुळे इथल्या जुन्या बेकऱ्या ज्यांच्या घरच्या आहेत, त्यांनी वह्यांमध्ये रोजची लादी किती आणि कुणाला जायची ते बघावं. स्टेशनबाहेरच्या गाड्यांना पाव कधीपासून जायला लागला ते त्यातून कळेल. माझे मामा बेकरीत होते, मी त्यांच्या मालकांच्या मुलाशी बोलतो आणि वही मिळाली तर पानांचे फोटो इथेच टाकतो.