मदत हवी आहे: बोर्निओच्या जंगलात व्हॉलंटियर म्हणून जायचंय, पैसे भरायच्या आधी विचारतेय

नमस्कार मंडळी. मी लातूरची, वय २४, परभणीला बीएस्सी ॲग्री केलं आणि आता संभाजीनगरला बियाणं कंपनीत आहे. मलेशियाच्या साबा राज्यात, म्हणजे बोर्निओ बेटावर, तीन आठवडे व्हॉलंटियरिंगला जायचं म्हणायलेय. सकाळी नदीकाठी झाडं लावायची, दुपारी ओरांगउटान (लाल केसांचं मोठं वानर) केंद्रात मदत, सुट्टीच्या दिवशी किनाबातांगान नदीत बोटीनं फिरणं आणि रात्री टॉर्च घेऊन जंगलात चालणं, असं पॅकेज आहे. एजन्सी २ लाख १० हजार मागायलीय, विमानाचं तिकीट वेगळं, आणि ४० हजार ॲडव्हान्स रविवारपर्यंत भरा म्हणतेत.

मला का जायचंय ते सांगते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी नववीत होते, घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभं राहून अभ्यास केलाय. आमच्याकडं वर्षाला ७००-८०० मिमी पाऊस, तो पण आला तर आला. तिकडं २५०० च्या वर. एवढा पाऊस झेलणारं जंगल आतून कसं असतं, पाल्याचा थर किती जाड, माती पाणी कशी धरते, हे मला हातानं उकरून बघायचंय. आणि दुसरं म्हणजे पप्पा दरवर्षी सोयाबीन विकून आले की म्हणतात, बाहेरचं पामतेल स्वस्त आलं की आपला भाव पडला. ते पामतेल येतं त्यातली एक जागा हीच, तिथं जंगल तोडून पामचे मळे झाले आणि आता नदीकाठचे उरलेले तुकडे झाडं लावून परत जोडायलेत. ते काम मला करायचंय, नुसतं बघून यायचं नाही.

आता शंका. एजन्सीच्या फोटोत एक पोरगी ओरांगउटानचं पिल्लू कडेवर घेऊन उभी आहे, तो फोटो बघून मन खट्टू झालं, हे बरोबर आहे का? व्हिसाला ते म्हणतेत भारतीयांना डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस फ्री आहे, काही लागत नाही. खरंच? बॅच डिसेंबरची आहे. आमचं घर माळकरी, खाण्याचं कसं होईल? आणि आई एकच धरून बसलीय, तिकडं ताप आला तर पोरीला बघणार कोण. तिला काय सांगू?

---

ताई, मी मूळचा अंबाजोगाईचा, कामानिमित्त साबातल्या सँडाकान शहरात चार वर्षं होतो. आधी फोटोचं. माणसाची सर्दी, टीबी ओरांगउटानला लागतो, म्हणून चांगल्या केंद्रात पाहुण्यांना हात लावू देत नाहीत. सँडाकानजवळ सेपिलोकचं ओरांगउटान केंद्र १९६४ पासून आहे, तिथं सुद्धा लोक लांब लाकडी प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघतात. पिल्लू कडेवर देणाऱ्याला पैसे देऊ नका.

ती ३० दिवसांची सवलत फिरायला येणाऱ्यांसाठी. बिनपगारी असलं तरी काम ते काम, त्याचा पास, म्हणजे सरकारी परवाना, कोण काढणार हे लेखी मागा. क्वालालंपूरहून साबात उतरल्यावर परत पासपोर्ट बघून शिक्का मारतात, तिथं खोटं बोलायची वेळ येऊ नये. डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे मलेशियात शिरायचा ऑनलाइन फॉर्म, तिथं पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं.

डिसेंबर नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिकडं पावसाचा जोर, किनाबातांगान काठाबाहेर येते आणि लावलेली रोपं वाहून जातात. एप्रिलनंतर बघा. जळवांसाठी गुडघ्यापर्यंत घट्ट विणीचे मोजे मिळतात, ते पँटच्या वरून चढवायचे. जळू ओढायची नाही, नखानं बाजूला सरकवायची. आईंची भीती मात्र खोटी नाही. माकडांतून डासांमार्फत माणसाला होणारा मलेरिया साबात आहे, त्यामुळं संध्याकाळी फुल बाह्या, मच्छरदाणी, आणि परत आल्यावर सुद्धा ताप आला तर डॉक्टरांना जंगलात होते हे पहिल्यांदा सांगायचं. विमा काढाच, त्यात जंगलातून दवाखान्यात न्यायचा खर्च धरलाय का ते वाचा. खाण्यात पालेभाजीत सुद्धा कोळंबीची पेस्ट असते, बेलाचान म्हणतात, तो शब्द पाठ करून आधीच नको म्हणायचं. मेतकूट, शेंगाची चटणी, धपाटे न्या.

---

दादा, लई उपकार झाले. आज एजन्सीला फोन केला, पास कोण काढणार हे लेखी द्या म्हटलं तर म्हणाले मॅडम एवढं कोण विचारत नाही. ॲडव्हान्स भरला नाही. मलेरियाचं आईला आहे तसं वाचून दाखवलं, ती गप्प बसली आणि मग म्हणाली, विम्याचा कागद मला दाखव. एप्रिल-मे धरून चाललेय. आता एवढंच, नदीकाठच्या रोपवाटिकेत नुसतं झाडं लावायचं काम, प्राण्यांचं काही नको, असं थेट तिथल्या गावकऱ्यांसोबत कुणी केलंय का? केलं असेल तर त्यांनी पास कसा काढून दिला आणि तीन आठवड्यांना एकूण किती खर्च आला, प्लीज सांगा.